गॅसचा साठा '९०% भरला' म्हणजे हिवाळा सुटला का?

वातकुक्कुट
दरवर्षी थंडीच्या तोंडावर युरोपातून एक बातमी हमखास येते, गॅसचे भूमिगत साठे अमुक टक्के भरले. आकडा नव्वदीच्या घरात असला की 'हिवाळ्याची चिंता मिटली', ऐंशीच्या आसपास घुटमळला की 'आता थंडीत कसं होणार'. बातमी तिथेच संपते. या एका आकड्यावर एवढा भरवसा ठेवणं धोक्याचं आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि जाणकारांनी ते तपासून द्यावं म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात : विहिरींतून आणि लांबच्या पाइपलाइनींतून येणारा नैसर्गिक वायू वर्षभर साधारण एकाच वेगाने येतो. थंड देशांत घरं तापवायला लागणारा वायू मात्र हिवाळ्यात कैक पटींनी वाढतो. म्हणून उन्हाळ्यात जास्तीचा वायू परत जमिनीत दाबायचा आणि थंडीत काढायचा. १९१५ साली कॅनडात, ऑंटारियोतल्या वेलंड परगण्यात हे पहिल्यांदा करून पाहिलं गेलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या झोअर इथे. रिकामं झालेलं गॅसक्षेत्र धान्याच्या पेवासारखं पुन्हा भरायचं, ही मूळ कल्पना. आज युरोपीय संघाची क्षमता साधारण १०० अब्ज घनमीटर आहे आणि हिवाळ्यात जळणाऱ्या वायूपैकी २५-३०% या साठ्यांतून येतो. २०२२ च्या जूनमध्ये संघाने नियमच केला : त्या वर्षी १ नोव्हेंबरपर्यंत ८०%, पुढच्या वर्षांपासून ९०%.

माझे प्रश्न दोन. हा टक्का नेमका कशाचा? आणि फेब्रुवारीच्या कडाक्यात गॅस पुरेल की नाही हे त्यावरून कळतं का? शिवाय एक मत : हे भरून ठेवणं निव्वळ बाजारावर सोडू नये. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडावं.

अर्धविराम
पहिला नंबर माझा! वाचतोय. खडकसूत्रताई आल्याशिवाय या धाग्याला रंग चढायचा नाही.

खडकसूत्र
आले आले.

वातकुक्कुट, टक्का मोजतात तो फक्त 'कामाच्या' वायूचा. खाली त्याशिवाय बराच वायू कायमचा बसलेला असतो, त्याला कुशन गॅस म्हणतात. तो दाब टिकवायला लागतो आणि साठा चालू आहे तोवर काढत नाहीत. म्हणजे साठा '०%' दाखवला तरी खाली वायू असतोच, आणि तरी तो तुमच्या शेगडीपर्यंत येणार नाही.

हा कुशन किती ठेवायचा ते जागेवर ठरतं. जागा मुख्यतः तीन प्रकारच्या. रिकामी तेल-वायू क्षेत्रं, यात निम्म्याच्या आसपास कुशन. पाण्याचे खोल थर, म्हणजे वर घुमटासारखा अभेद्य खडक आणि खाली सच्छिद्र वालुकाश्मात खारं पाणी. वायू दाबून ते पाणी बाजूला सारायचं. इथे कुशन आणखी जास्त, कधी कधी ८०% पर्यंत. फ्रान्सचे बरेच साठे असे आहेत, त्यांतला शेमेरी सर्वांत मोठा. तिसरा प्रकार मिठाच्या थरात कोरलेल्या गुहांचा. तिथे पाव ते तिसरा हिस्सा कुशन पुरतो आणि वायू झपाट्याने आत-बाहेर करता येतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. पहिल्या दोन प्रकारांत खाली कुठलीही पोकळी नसते. वायू खडकाच्या कणांमधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटींत असतो. त्या खडकाचा तुकडा हातात घेतला तर तो साधा दगडच वाटतो. पाण्याचा थेंब टाका, काही क्षणांत आत जिरतो. तेवढ्यावरच सगळा कारभार चालतो.

झडपवाला
ताईंनी पाया घातला, मी वरचा मजला बांधतो. गॅस प्रक्रियेच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत.

वातकुक्कुट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. टक्का सांगतो किती वायू आहे. दिवसाला किती निघेल ते सांगत नाही. वायू खालच्या दाबाने वर येतो. साठा उपसला की दाब उतरतो, दाब उतरला की रोजचं उत्पादन उतरतं. रिकाम्या क्षेत्रांतल्या साठ्यांत हे फार जाणवतं. नोव्हेंबरात टाकी तुडुंब असताना जो साठा दणक्यात गॅस देतो तोच फेब्रुवारीअखेर, तिसरा हिस्सा शिल्लक असतानाही, कितीतरी कमी देतो. आणि कडाक्याची लाट नेमकी तेव्हा आली तर कागदावर गॅस आहे, पाइपात नाही.

वर काढणं हेही नुसता कॉक फिरवण्याइतकं सोपं नाही. खाली पाणी असतं, त्यामुळे गॅस येतो तो ओला. विहिरीच्या तोंडाशी शंभर बारच्या वर दाब असू शकतो. तो झडपेतून पाइपलाइनच्या दाबावर उतरवला की गॅस एकदम थंड पडतो, आणि पाणी व मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) मिळून पांढरा घट्ट गोळा धरतो. हायड्रेट. तापमान शून्याच्या वर असतानाही हा धरतो. पाइपच्या वळणावर बसला की वाट बंद. कंट्रोल रूममध्ये पहिली खूण दिसते ती अशी : झडपेच्या पुढचा दाब हळूहळू घसरायला लागतो, मागचा जागचा हलत नाही. मग मिथेनॉल सोडायचं, हीटर वाढवायचा, आणि थांबायचं. घाईने एका बाजूचा दाब सोडला तर तो गोळा सुसाट सुटतो आणि पाइपचं वळण फोडतो. हे सुरळीत झालं की गॅस ग्लायकॉलच्या मनोऱ्यातून वर चढतो, वरून ग्लायकॉल झिरपत येतं आणि त्यातलं पाणी शोषून घेतं. मगच तो पाइपलाइनीत जातो.

वर्षातल्या सगळ्यात गोठलेल्या रात्री हे सगळं पूर्ण क्षमतेने चालावं लागतं. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्यांना कुणी ओळखत नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितोय.

निळी ज्योत
झडपवाला, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तेजीमंदी
बाजारावर सोडू नये या मताशी असहमत, निदान अर्धा असहमत.

साठवणूक करणारा व्यापारी उन्हाळ्यात स्वस्त घेतो, हिवाळ्यात महाग विकतो. या फरकातून त्याला साठ्याचं भाडं, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि कॉम्प्रेसरचा खर्च भागवायचा असतो. फरक भरपूर असला की साठे आपोआप भरतात, सरकारला काहीच करावं लागत नाही. अमेरिकेत ४०० च्या आसपास साठे याच हिशेबावर चालतात. दर गुरुवारी सरकारी ऊर्जा माहिती विभाग साठ्याचा आकडा जाहीर करतो आणि त्या मिनिटाला वायदे हलतात.

सरकारने 'काहीही करून भराच' म्हटलं की काय होतं ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. साठे भरायची घाई सगळ्यांनाच, त्यात रशियाचा पुरवठा आटलेला. नेदरलँड्समधल्या टीटीएफ बाजारात भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. २०२५ च्या सुरुवातीला तर उन्हाळ्याचा वायदा येत्या हिवाळ्यापेक्षा महाग झाला! कारण सगळ्यांना ठाऊक होतं, सरकारं उन्हाळ्यात कुठल्याही भावाने घेणार. अशा वेळी कुठला शहाणा व्यापारी महाग घेऊन स्वस्त विकायला ठेवेल?

वातकुक्कुट
तेजीमंदी, पण याच उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो ना? फरक उलटा झाला की बाजार साठे भरत नाही. आणि हिवाळा फरक बघून येत नाही.

नकाशा
यात रेडेनची गोष्ट आलीच पाहिजे.

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यात रेडेनला जुन्या गॅसक्षेत्रात साधारण ४ अब्ज घनमीटरचा साठा आहे. जर्मनीच्या एकूण क्षमतेचा सुमारे सहावा हिस्सा. २०१५ च्या मालमत्ता-अदलाबदलीत तो रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या, गाझप्रोमच्या, हाती गेला. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावून झाल्यावर! २०२१ च्या उन्हाळ्यात इतर साठे बऱ्यापैकी भरत होते, रेडेन जवळपास रिकामा राहिला. नियमाने कुणाला बोलता येईना, कारण साठा भरलाच पाहिजे असा कायदाच नव्हता. मालकाची मर्जी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, एप्रिलमध्ये जर्मन सरकारने गाझप्रोमची जर्मन कंपनी विश्वस्ताच्या ताब्यात दिली आणि साठ्यांचा कायदा केला.

त्या कायद्यातली एक गोष्ट वातकुक्कुट यांना आवडेल. १ नोव्हेंबरला ९०% या अटीसोबत १ फेब्रुवारीला ४०% अशीही अट होती. म्हणजे कायदा करणाऱ्यांना झडपवाल्यांनी सांगितलेली अडचण माहीत होती.

तेजीमंदीराव, तुमचा हिशेब खरा आहे, पण त्यात भाडेकरू नफ्यासाठी काम करतो हे गृहीत आहे. एखाद्याला साठा रिकामा ठेवण्यातच फायदा असेल तर?

तेजीमंदी
हा मुद्दा मान्य. मालकी एका मोठ्या पुरवठादाराकडे असली की स्पर्धेचं गणित कोसळतं. भाड्याने घेतलेली जागा वापरत नसाल तर दुसऱ्याला द्या, एवढा नियम मी बाजारवादी असूनही स्वीकारेन.

खडकसूत्र
ब्रिटनचा रफ आठवा. यॉर्कशरच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राखालचं गॅसक्षेत्र, १९८५ पासून साठा म्हणून वापरात. एकेकाळी देशाच्या साठवण क्षमतेचा ७०% भाग हा एकटा होता. विहिरी जुन्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, सरकारने मदत दिली नाही, २०१७ मध्ये तो बंद झाला. तेव्हाचा युक्तिवाद असा की नॉर्वेची पाइपलाइन आहे, एलएनजीची (थंड करून द्रव केलेल्या वायूची) जहाजं आहेत, साठा कशाला? पुढच्याच हिवाळ्यात, १ मार्च २०१८ ला, पूर्वेकडून आलेल्या थंडीच्या लाटेत देशाचं गॅसवाहिन्यांचं जाळं चालवणाऱ्या नॅशनल ग्रिडला गॅस तुटवड्याचा इशारा द्यावा लागला. तारीख बघा. मार्च! हिवाळा संपत आला असं सगळे धरून चालले होते. २०२२ च्या ऑक्टोबरात रफ थोड्या क्षमतेने पुन्हा उघडला.

पूर्वाई
मी जरा वेगळ्या बाजूने बोलते. सगळी चर्चा 'किती साठवायचं' यावर चाललीय, 'किती लागतं' यावर कुणीच नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पुढच्या मार्चपर्यंत युरोपीय संघाने वापरात १५% कपात करायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात ती त्याहून जास्त झाली. हिवाळाही सौम्य होता. परिणाम : मार्च २०२३ अखेर साठे निम्म्याहून अधिक भरलेले उरले. जो वायू जाळावाच लागला नाही त्याला ना कुशन लागतो ना कॉम्प्रेसर. भिंतींना आणि छतांना उष्णतारोधक थर घाला, हीट पंप बसवा, मग या पेवांची गरजच उतरेल.

झडपवाला
पूर्वाईताई, दिशा बरोबर आहे, पण वेग बघा. कोट्यवधी घरं बदलायला दशकं लागतात. आणि हीट पंप विजेवर चालतात, वीज थंडीत आणि वारा पडलेल्या काळोख्या आठवड्यांत कुठून आणणार? युरोपातल्या साठ्यांत हजार टेरावॅट-तासांच्या वर ऊर्जा मावते. बॅटऱ्या तासांचा प्रश्न सोडवतात, महिन्यांचा नाही. एलएनजीची टाकीही तेच. उणे १६२ अंशांवर द्रव केलेला वायू सहाशेपट लहान होतो हे खरं, पण तो सतत थोडाथोडा उकळत राहतो. महिनोन् महिने मोठ्या प्रमाणात ठेवायचा तर जमिनीखालीच जावं लागतं.

पूर्वाई
दशकं लागतात म्हणूनच आज सुरुवात करा म्हणते. त्यातल्या किती कपातीमागे कारखाने बंद पडणं आणि लोकांनी घरात कुडकुडणं होतं, हे मी विसरलेले नाही. तसली कपात कुणालाच नको. पण साठ्यावर खर्च होणाऱ्या प्रत्येक युरोसोबत घरांवर किती खर्च होतोय हे विचारलंच पाहिजे.

निळी ज्योत
गळतीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहिते.

२३ ऑक्टोबर २०१५, कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिसच्या वायव्येचा अलिसो कॅन्यन साठा. १९५३ साली तेलासाठी खोदलेली विहीर, तिच्या पोलादी आवरणाला बाहेरून भूजलाने गंज चढलेला. आवरण फाटलं आणि वायू बाहेर पडू लागला. तो थांबवायला फेब्रुवारी उजाडला. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. जवळच्या पोर्टर रँच वस्तीतल्या हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त अशा तक्रारी होत्या. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास तापवतो.

मला सगळ्यात चटका लावतं ते हे की विहिरीत खोलवर एक सुरक्षा झडप होती, ती १९७९ मध्ये काढली आणि परत बसवलीच नाही.

झडपवाला
निळी ज्योत, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. त्या विहिरीतून गॅस आतल्या नळीतून आणि बाहेरच्या आवरणातून, दोन्हीकडून काढत असत. म्हणजे खडक आणि वायू यांच्यामध्ये पोलादाचा एकच पडदा. गॅस फक्त आतल्या नळीतून काढा आणि खाली पॅकरने, म्हणजे नळीभोवती बसणाऱ्या घट्ट बुचाने, बाहेरची पोकळी बंद करा, मग नळी फुटली तरी आवरण आहे आणि पोकळीतला दाब चढलेला वर लगेच दिसतो. यात उत्पादन थोडं घटतं. ते घटू द्यावं. या अपघातानंतर कॅलिफोर्नियाने दोन पडदे सक्तीचे केले आणि अमेरिकेत भूमिगत साठ्यांसाठी पहिल्यांदाच देशभर लागू असे सुरक्षा नियम आले. शंभर वर्षांनी!

खडकसूत्र
आणि कॅन्सासमधलं हचिन्सन. जानेवारी २००१. मिठाच्या गुहेतल्या साठ्याच्या एका विहिरीचं आवरण पूर्वी दुरुस्त करताना दुखावलेलं. तिथून सुटलेला वायू खडकाच्या भेगाळ थरातून अकरा-एक किलोमीटर सरकला आणि गावात, जुन्या विसरलेल्या मिठाच्या विहिरींतून वर आला. दोघांचा जीव गेला. गुहा शाबूत होती, मीठही शाबूत होतं. माणसाने पाडलेली भोकं नडली.

स्पेनच्या कास्तोर प्रकल्पात मात्र खडकच नडला. किनाऱ्याजवळच्या जुन्या तेलक्षेत्रात २०१३ मध्ये कुशन भरायला सुरुवात केली आणि शेकडो भूकंप झाले, मोठे ४ रिश्टरच्या वर. प्रकल्प गुंडाळला, सरकारने कंपनीला १.३५ अब्ज युरो भरपाई दिली, आणि तो बोजा लोकांवर पडला. जवळच्या प्रस्तरभंगाचा पुरेसा अभ्यास आधी व्हायला हवा होता. माझ्या विषयातल्या माणसांनी अशा वेळी ठाम नकार द्यायला शिकलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

अर्धविराम
थोडं अवांतर, पण मिठाच्या गुहा कोरतात कशा? हजार मीटर खाली कुदळ घेऊन कोण जातं?

खडकसूत्र
कुणीच नाही. :) विहिरीतून गोडं पाणी सोडतात, मीठ विरघळतं, खारं पाणी वर काढतात. एक घनमीटर मीठ काढायला सात-आठ घनमीटर पाणी. गुहेचा आकार बघायला आत सोनार (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा संवेदक) सोडतात. तो फिरत फिरत भिंतींचा आवाज घेतो आणि पडद्यावर शेकडो मीटर उंचीची पोकळी उमटते. मीठ दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे आत किमान दाब ठेवला नाही तर गुहा आक्रसत जाते. तिथेही कुशन लागतो तो यासाठी.

खरा प्रश्न त्या खाऱ्या पाण्याचा. तुर्कस्तानात तूझ गोलू या खाऱ्या सरोवराजवळ साठा केला तेव्हा पाणी हिर्फान्ली धरणातून आणलं आणि खारं पाणी सरोवरातच सोडलं. सगळीकडे अशी सोय नसते.

निळी ज्योत
मग याच गुहांत हायड्रोजन ठेवता येईल का? तसं असेल तर माझा विरोध बराच मवाळ होईल.

झडपवाला
ठेवतात. इंग्लंडात टीसाइडला १९७२ पासून, टेक्ससमध्ये १९८३ पासून. पण घनमीटरमागे हायड्रोजनची ऊर्जा मिथेनच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. म्हणजे तितकीच ऊर्जा ठेवायला तिप्पट जागा. शिवाय विहिरीचं पोलाद, सिमेंट, झडपा सगळं नव्याने तपासावं लागेल.

नकाशा
भूमिगत साठ्याची मजबुती बघायची तर युक्रेन. क्षमता साधारण ३१ अब्ज घनमीटर, त्यातल्या निम्म्याहून जास्त पश्चिमेकडच्या एकाच मोठ्या साठ्यात. २०२४ च्या वसंतात क्षेपणास्त्रांनी हल्ले झाले ते वरच्या यंत्रांवर. खालचा वायू जागच्या जागी राहिला. पण कॉम्प्रेसर उडाला की तो आत घालणं अवघड, हेही तितकंच खरं.

वातकुक्कुट
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे. यापुढे बातमी वाचताना मी टक्क्यासोबत तीन गोष्टी शोधणार : तो साठा कुठल्या प्रकारचा, दिवसाला जास्तीत जास्त किती काढता येतं, आणि १ फेब्रुवारीला किती उरेल असा अंदाज आहे. झडपवाला, यातली रोजच्या उपशाची आकडेवारी सामान्य माणसाला मिळते का?

झडपवाला
मिळते. युरोपातल्या साठाचालकांच्या संघटनेचं संकेतस्थळ रोज प्रत्येक साठ्याचे आकडे देतं : भरलेलं, आत घातलेलं, बाहेर काढलेलं, आणि उपशाची क्षमता. क्षमतेचा तो रकाना नीट बघा, तो भरलेल्या साठ्याचा असतो. अर्धा रिकामा झाल्यावर तेवढं निघणार नाही.

तेजीमंदी
आणि नियमही आता सैल झालाय. २०२५ मध्ये ९०% ची अट १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर यांमध्ये कधीही पाळली तरी चालेल असं ठरलं, अडचणीच्या बाजारात आणखी सवलतीसह. एका तारखेवर सगळे तुटून पडत होते ते थांबेल. खर्चाचं म्हणाल तर जर्मनीने २०२२ च्या ऑक्टोबरपासून गॅस वापरणाऱ्यांवर साठवण अधिभार लावला होता. शेजारच्या ऑस्ट्रिया आणि चेकियाने त्यावर जोरदार हरकत घेतली, कारण जर्मनीतून पुढे जाणाऱ्या वायूवरही तो लागत होता.

पूर्वाई
मग शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबरच होतं की.

तेजीमंदी
पुढे जाणाऱ्या वायूवरचा भाग २०२५ च्या जानेवारीपासून उठवला. पण जर्मनीचे साठे भरलेले राहिले त्याचा फायदा त्या शेजाऱ्यांनाही झालाच होता. तो खर्च कुणी किती उचलायचा, यावर मी वेगळा धागा काढतो. तिथे या भांडायला.